रेघमावशीची जीभ

लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी रेघमावशीचा नवरा रोज संध्याकाळी बायकोला दारातच जीभ बाहेर काढायला लावायचा. जीभ निळी दिसली की म्हणायचा, आज कपबश्या होत्या वाटतं. काळपट हिरवी दिसली की म्हणायचा, पानांच्या थाळ्या. मग तिने चप्पल काढायची आणि त्याने चहा टाकायचा, असा घरचा रिवाज. तो शिंपी. गल्लीत त्याला सगळे मास्तर म्हणतात. समोर आलेल्या माणसाला डोळ्यांनीच टेप लावायची त्याला खोड, आणि बायकोच्या बाबतीत त्याने मोजायला जीभ निवडली होती, एवढंच.

रेघमावशी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मातीच्या भांड्यांच्या एका स्टुडिओत तिने बत्तीस वर्षं रेघा काढल्या, म्हणून ते चिकटलं. कपाच्या काठाखाली बोटभर जागा सोडून केसाएवढी बारीक रेघ. डाव्या हाताने कपाखालची तबकडी फिरवायची, उजव्या हातातला ब्रश नुसता धरून ठेवायचा, आणि रेघ जिथून निघाली तिथेच गुपचूप येऊन मिळायची. सांधा शोधून दाखवा म्हणावं. भल्याभल्यांनी भिंग लावून पाहिलं आणि भिंग खिशात घालून घरी गेले.

ज्या रंगाने ती हे करते त्याला अंडरग्लेझ म्हणतात. भांडं एकदा भाजून निघालं की त्यावर हा रंग लावायचा, त्यावर काचेसारखी पारदर्शक झिलई चढवायची आणि भांडं पुन्हा भट्टीत ठेवायचं. रंग झिलईच्या खाली राहतो म्हणून अंडरग्लेझ. भट्टीतून बाहेर येतो तेव्हा नवरदेवासारखा चमकतो, पण आत जायच्या आधी सगळे रंग एकजात फिके, मातकट, उपाशी चेहऱ्याचे. निळा निळसर राखी, काळा राखी, हिरवाही काळपट राखीच. कोण कोण आहे हे ओळखायला नवख्याला महिना लागतो. मावशीला एक क्षण लागायचा, कारण मावशी रंग चाखायची.

हसू नका. ब्रशचं टोक केसासारखं करायचं तर ते ओठांत धरून ओढून काढणं यासारखा दुसरा उपाय नाही, असं तिला थोरल्या बाईंनी शिकवलं होतं. थोरल्या बाई म्हणजे स्टुडिओच्या मालकीण. त्या स्वतःही तसंच करायच्या. शंभर कप म्हणजे शंभर वेळा ब्रश तोंडात. एवढ्या वर्षांत जिभेला रंगांची ओळख न झाली तरच नवल. निळा जुन्या नाण्यासारखा लागतो. तपकिरी म्हणजे गंजका खिळा. हिरवा आधी काहीच बोलत नाही, मग घशात तुरट होतो. पिवळ्याला चवच नाही, आणि चव नसणं हीच त्याची खूण. बरण्या सगळ्या सारख्या, बिनचिठ्ठीच्या. कुणी विचारलं यात काय आहे, की मावशी टोक बुडवून जिभेला लावायची आणि निकाल द्यायची. निकाल कधी चुकला नाही.

मग थोरल्या बाईंचे गुडघे त्यांच्याशी बोलेनासे झाले आणि स्टुडिओ लेकीकडे आला. या धाकट्या बाई. त्या फ्रॉकमध्ये असताना मावशीने त्यांचं नाक पुसलेलं आहे. मातीकाम शिकायला म्हणून लांब गेल्या होत्या, आणि चार वर्षांनी परत आल्या त्या तोंडाला मास्क लावूनच. निदान भट्टीवाल्याने तरी गावभर तसंच सांगितलं. भट्टीवाला म्हणजे भट्टी लावणारा, उतरवणारा आणि दिवसभर न मागितलेली मतं देणारा इसम.

पहिल्याच आठवड्यात झाडू गेला. कोरडी माती झाडली की धूळ उडते, ती छातीत बसते आणि उठायचं नाव घेत नाही, तेव्हा फरशी ओल्या फडक्याने पुसायची. सुकलेला रंग किंवा भांडं घासायचं तर पाणी लावून. रंगाची पूड कालवताना मास्क. चहा आणि डबा बाहेरच्या बाकावर, रंगाच्या टेबलावर नाही. एप्रन घरी न्यायचा नाही, इथेच धुवायचा. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. भट्टीवाला म्हणाला, आता मातीला हात लावायच्या आधी तिचीही लेखी परवानगी काढायची का. धाकट्या बाईंनी त्यालाच मास्कची पहिली पेटी दिली आणि वाटायचं काम लावलं.

इथपर्यंत मावशी मजा बघत होती. शेवटचा नियम तिच्यासाठी होता हे तिला उशिरा कळलं. ब्रश तोंडात घालायचा नाही.

ती म्हणाली, मी बत्तीस वर्षं घालतेय, मेले का. धाकट्या बाईंनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. या रंगांत कोबाल्ट असतं, मँगनीज असतं, क्रोमियम असतं, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. भट्टीतून निघाल्यावर ते झिलईखाली डांबलेले असतात, पण त्याआधी मोकाट असतात, आणि रोज थोडं थोडं पोटात गेलेलं शरीर विसरत नाही. मावशीने मान दुसरीकडे वळवली. पालथ्या घड्यावर पाणी.

"तुम्हाला काही झालंय असं मी म्हणत नाही, मावशी," धाकट्या बाई शेवटी म्हणाल्या. "होऊ नये म्हणते. आईला मी आता सांगून उपयोग नाही. तुम्हाला सांगता येतंय, तर सांगू दे."

यावर भांडता येईना. प्रेमाने बोललेल्या माणसाशी भांडायचं म्हणजे हवेत बुक्क्या मारणं. मावशीने बरं म्हटलं. रक्तही तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, सध्या काळजीचं काही नाही, पण जिभेचा उद्योग आजपासून बंद.

आता खरी गोष्ट अशी, की मावशी हट्टी होती म्हणून कुरकुरत नव्हती. ती घाबरली होती.

दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं झालं होतं. आधी डावा डोळा, मग उजवा. खिडकीतून येणारा उजेड पूर्वी कामाला यायचा, आता नुसता डोळ्यांत जायचा. ब्रशचं टोक तिला दिसत नव्हतं. केस जुळले की नाहीत ते ओठांना कळायचं. बरणीत कुठला रंग ते जिभेला कळायचं. काठाखालची बोटभर जागा बोट सांगायचं. असं करत दोन वर्षं तिचे डोळे तोंडात राहत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. आता धाकट्या बाईंनी तोंडाला कुलूप लावलं, म्हणजे उरलीसुरली नजरच काढून घेतली.

खिडकीजवळची खुर्ची मावशीची. बाकी तिचं असं जगात फार काही नव्हतं. मुलगा दूर, फोनवर बोलतो. घर भाड्याचं. पण त्या खुर्चीवर बसलं की ती रेघमावशी असायची, आणि उठली की कुणाची तरी बायको. रेघ न दिसणाऱ्या बाईला रेघेच्या खुर्चीवर कोण ठेवील, असं तिला वाटायचं. ऑपरेशन करतात हे तिला ठाऊक होतं. ऑपरेशन म्हणजे आधी सांगणं आलं, हेही ठाऊक होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात तिने दोन वर्षं काढली होती.

पहिले काही दिवस ती चोरून चाटायची. खिडकीकडे तोंड करून, खोकल्याचा बहाणा करून. एकदा भट्टीवाल्याने मागून येऊन विचारलं, "मावशी, खोकला निळा कसा झाला?" आणि तो हसत निघून गेला. तो कुणाला सांगणार नव्हता, पण मावशीला इतकी लाज वाटली की त्या दिवसापासून ब्रश ओठांजवळ आला नाही. धाकट्या बाईंनी दिलेल्या ओल्या स्पंजवर ती टोक फिरवायची आणि बरोबर झालं असेल असं धरून चालायची.

घरी मास्तरांनी जीभ बघितली. गुलाबी. "सुट्टी होती का आज?" ते म्हणाले. मावशी चप्पल काढून आत गेली.

त्याच सुमारास एका बालवाडीचं काम आलं. मुलांच्या खिरीसाठी चाळीस वाडगे, आणि प्रत्येकाच्या तळाशी एक पिवळा मासा, म्हणजे मासा बघायच्या आशेने पोरं वाडगा संपवतील. कल्पना बालवाडीच्या बाईंची. मावशीला ती फार आवडली. मासा रेघेपेक्षा सोपा, जाड ब्रशचं काम. तिला वाटलं, यात निभावेल.

रंगाच्या फळीवर तेव्हा एक नवीन बरणी आली होती. भट्टीतून भडक निघणारा नारिंगी. धाकट्या बाईंनी ती मोठ्या फुलदाण्यांसाठी मागवली होती आणि सगळ्यांना दोनदा बजावलं होतं, की हा फक्त बाहेरून लावायचा. जेवणाखाण्याच्या भांड्याच्या आत चालत नाही. झिलईखाली असला तरी आंबट पदार्थाने त्यातलं काही बाहेर येऊ शकतं, आणि कंपनीनेच तसं लिहिलंय. ओळखायला झाकणावर लाल पट्टी. पिवळ्याच्या झाकणावर तपकिरी पट्टी. धाकट्या बाईंच्या डोळ्यांना त्या दोन पट्ट्या म्हणजे दिवस आणि रात्र. मावशीच्या डोळ्यांना दोन्ही संध्याकाळ.

दोन दिवसांत चाळीस मासे झाले. शेपटीला दोन फटकारे, पोटाला एक, डोळ्याची जागा मोकळी. भट्टीवाला वाकून बघून गेला, मासे ताजे आहेत म्हणाला. रंग बाहेरून नेहमीसारखाच उपाशी दिसत होता, त्यालाही वेगळं काही वाटलं नाही. वाडगे ढकलगाडीवर रचले गेले. सकाळी त्यांना झिलईत बुडवायचं होतं.

बरण्या झाकून फळीवर ठेवताना मावशीचा हात थबकला. झाकण डोळ्यांजवळ नेऊन तपकिरी पट्टीची म्हणून तिने उचललेली बरणी जड लागली. चाळीस मासे काढल्यावर ती एवढी जड असायला नको. दुसरी, नव्या नारिंगीची, उचलली; ती भरलेली हवी होती. ती हलकी.

ती तशीच उभी राहिली. दोन हातांत दोन बरण्या. खात्री करून घ्यायला टोकाएवढा रंग पुरला असता. पिवळा बेचव, बस्स. आजूबाजूला कुणी नव्हतं. पण तिला वाटलं, हात खोटं बोलत नाही, आणि जीभ लावली तरी वाडगे काही बदलणार नाहीत. तिने बरण्या ठेवल्या, हात धुतले, एप्रन खुंटीला लावला आणि घरी गेली.

वाटेत तिच्या मनाने फार सोयीचे विचार केले. झिलई आहेच की वरून. पिवळा जरा गडद आला एवढंच म्हणतील. कंपन्या काय, घाबरवायला लिहितात. आणि त्या प्रत्येक विचाराच्या तळाशी एक पोरगं वाडगा चाटून मासा शोधत होतं.

मास्तर शर्टाला बटण लावत बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. वाडगे, बरण्या, आणि मग डोळे. डोळ्यांचं सांगताना तिचा आवाज लहान झाला. मास्तरांनी दात लावून दोरा तोडला.

"डोळ्यांचं मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"दोन वर्षं झाली, तू माझ्या सुईत दोरा ओवला नाहीस. आधी मी हाक मारली की यायचीस. मग तुला नेमकं दूध उतू जायला लागलं. रोज कुणाचं दूध उतू जातं गं?"

ती म्हणाली, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, तू लपवत होतीस ना, मग मी न बघितल्यासारखं करायला नको? आणि शर्टाची घडी घालत, "खुर्ची जाईल म्हणून भितेस ते कळतंय मला. पण ते वाडगे पोरांचे आहेत. सकाळी मी येऊ का बरोबर?"

ती नको म्हणाली. स्टुडिओच्या दाराबाहेरपर्यंत ते आलेच.

सकाळी ती पोचली तेव्हा भट्टीवाला मास्क लावून झिलई ढवळत होता. पहिला वाडगा त्याच्या चिमट्यात होता. थांब, ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की तो विनोद न करता थांबला. धाकट्या बाई आतून आल्या. मावशीने फळीवरून दोन्ही बरण्या आणल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या.

"मी नारिंगी लावलाय. चाळीसही वाडग्यांना. मला दिसत नाही, बाई. दोन वर्षं झाली दिसत नाही. चाटून ओळखत होते." मग घाईघाईने, जणू तेवढंच राहिलं होतं म्हणून, "खुर्ची आजच रिकामी करते."

धाकट्या बाई बरण्यांकडे बघत राहिल्या. रागावल्या असाव्यात, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यांनी एक झाकण उघडलं, दुसरं उघडलं, आणि त्या कुणावर रागावल्या आहेत ते कळलं. त्या म्हणाल्या, एकसारख्या बरण्या एका फळीवर ठेवणारी मी. माणूस कसा काम करतो ते न विचारता त्याचं हत्यार काढून घेणारीही मीच. मावशी मध्ये काही बोलायला गेली.

"मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रुसलात," धाकट्या बाई म्हणाल्या. "रोज रेघ बघून वाटायचं, मावशी मुद्दाम करतात. आणि खुर्ची कसली रिकामी करता? मला तुमच्याशिवाय रेघ कोण शिकवणार आहे?"

भट्टीवाल्याने चिमट्यातला वाडगा हळूच खाली ठेवला. मग बाहेर जाऊन तीन घमेली पाणी आणि तीन स्पंज घेऊन आला.

सकाळभर तिघांनी मासे धुतले. हातमोजे घालून, स्पंजने, कोरडं घासायचं नाही. रंगाचं पाणी मोरीत न ओतता बादलीत साठवलं, गाळ खाली बसू दे म्हणून. मासे सहज निघेनात. भाजलेली माती रंग पिते, आणि बऱ्याच वाडग्यांत शेपटीची सावली राहिलीच. धाकट्या बाई म्हणाल्या, सावली राहो न राहो, यातला एकही पोरांपुढे जाणार नाही. त्यांच्या बुडाला भोकं पाडून रोपं लावायची. बालवाडीला फोन करून दोनेक महिने उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि का ते खरं सांगितलं. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, पोरांना खीर कशातही आवडते.

त्याच आठवड्यात फळी बदलली. जेवणाच्या भांड्यांचे रंग एका कपाटात, शोभेच्या भांड्यांचे दुसऱ्या खोलीत, आणि त्यांच्या बरण्या चौकोनी. अंधारात हात लावला तरी कळावं, हे धाकट्या बाईंचं नवं सूत्र. भट्टीवाल्याने सगळ्या झाकणांवर मातीच्या टिकल्या चिकटवल्या, पिवळ्याला एक, निळ्याला दोन, आणि काळ्याला दोन चिकटवून तिसरी विसरला. ती मावशीने त्याच्याकडून लावून घेतली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं एका दमात उरकता का, असं मास्तरांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, हे काही कपडे नाहीत, एक एक डोळा करू. पहिल्या डोळ्यानंतर तीन आठवड्यांनी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, मावशी स्टुडिओत आली आणि बराच वेळ नुसती बघत बसली. खिडकीची काच किती मळलीय. भट्टीवाला किती म्हातारा झालाय. तिने ते त्याला सांगितलंही.

मग भट्टीमागच्या मांडणीवर तिची नजर गेली. तिथे कप होते, पाठमोरे रचलेले, सत्तर-ऐंशी तरी असतील. तिने एक फिरवला. काठाखाली निळी रेघ होती, दारू प्यायल्यासारखी. एका बाजूला चढलेली, दुसरीकडे उतरलेली, आणि टोकं एकमेकांना न भेटताच निघून गेलेली. दुसरा फिरवला. तिसरा. हात तिचाच होता.

भट्टीवाला मागे उभा होता. त्याने या वेळी विनोद केला नाही. म्हणाला, चांगले विकायला जायचे, हे मी बाजूला काढायचो. थोरल्या बाईंनीच सांगून ठेवलं होतं, मावशीला दाखवायचे नाहीत, आणि खुर्ची हलवायची नाही. कधीपासून, तिने विचारलं. पहिल्या वाकड्या रेघेपासून, तो म्हणाला.

म्हणजे ती सगळ्यांपासून लपवत होती आणि सगळे तिच्यापासून. मावशीला आधी भयंकर राग आला. दोन वर्षं ती जी खुर्ची जाईल म्हणून झोपेत दचकली, ती कुठेही चालली नव्हती. थोरल्या बाईंना फोन लावून तिने तसं सुनावलंही, आणि निम्म्यातच तिला रडू आलं, तेव्हा पलीकडून थोरल्या बाई म्हणाल्या की सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. दोघींनी मग गुडघ्यांबद्दल बोलून घेतलं.

नवे बेचाळीस वाडगे, दोन तपासायला जास्तीचे, वळून, वाळून, भाजून आले. मावशीने मासे काढले, बरणीच्या झाकणावरची टिकली आधी बोटाने मोजून आणि मग डोळ्याने बघून. ब्रशचं टोक स्पंजवर फिरवताना ते जुळताना दिसलं, आणि तिने ते पुन्हा एकदा पसरून पुन्हा जुळवून बघितलं, उगाच. शेजारच्या खुर्चीवर धाकट्या बाई रेघ शिकत होत्या. वाकडी येत होती. मावशीने त्यांना शिव्या सोडून सगळं दिलं.

भट्टी उतरली तेव्हा आंबटाने रंग सुटतो का ते बघायला एका वाडग्यात सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालून संध्याकाळपासून सकाळपर्यंत ठेवला. सकाळी ओतून बघितलं. सिरका तसाच स्वच्छ, मासा तसाच पिवळा. धाकट्या बाईंनी आणखी एक वाडगा प्रयोगशाळेत तपासणीला पाठवला आणि तिथून होकार आल्यावरच बाकीचे गेले. मावशीने आपल्या हाताने ते कागदात गुंडाळले.

त्या संध्याकाळी ती एक वाकड्या रेघेचा कप मागून घरी घेऊन आली. मास्तरांनी तो उलटसुलट करून बघितला. टेप काढली नाही, पण डोळ्यांनी लावलीच. दोन सूत उतरलीय, ते म्हणाले, शिलाई असती तर उसवायला लावली असती. मग चहा टाकला, तिला तिच्या पेल्यात दिला आणि स्वतः त्या कपात घेऊन समोर बसले. कप त्यांनी असा धरला होता, की रेघेची वाकडी बाजू त्यांच्याकडे राहील आणि सरळ बाजू तिच्याकडे.

तिला आता तेही दिसलं.